नवजाताच्या तोंडातील बुरशी आणि थोरांची जबाबदारी

वैद्यकाच्या दप्तरात काही व्याधी अशा असतात की, त्या सहसा कोणाच्या जिवावर बेतत नाहीत म्हणून त्यांची नोंद कोणी धड ठेवीत नाही, आणि नोंद नसल्यामुळे त्या कशाने उद्भवतात याची चौकशीही चिकाटीने होत नाही. जन्मून आठ-पंधरा दिवस झालेल्या अर्भकाच्या जिभेवर, गालांच्या आतल्या अंगास आणि टाळूवर फाटलेल्या दुधाच्या कणांसारखा पांढरा थर धरतो, बाळ अंगावर पिताना मध्येच तोंड सोडून रडू लागते, आणि घरातील वडीलधाऱ्या बायका ‘तोंड आलंय, जाईल चार दिवसांत’ असे सांगून बाळंतिणीला धीर देतात. पुऱ्या दिवसांचे, चांगल्या वजनाचे आणि आईच्या दुधावर वाढणारे बाळ असेल तर हा धीर बहुधा खराही ठरतो. परंतु हीच बुरशी मुदतीच्या कितीतरी आधी जन्मलेल्या, हजार-बाराशे ग्रॅम वजनाच्या आणि नळ्यांच्या आधाराने श्वास घेणाऱ्या बाळाच्या मुखात वस्ती करून राहिली म्हणजे तिला तेथून आतड्यात, आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदू, मूत्रपिंड व डोळे यांच्यापर्यंत पोहोचण्यास वाट मिळते. मग त्या व्याधीला क्षुल्लक म्हणण्याची सोय उरत नाही. या बुरशीला नवजाताच्या मुखात थारा देणारी कारणे एकेक करून तपासली, तर त्यांतील फारच थोडी बाळाच्या देहात सापडतात. उरलेली आईच्या दुर्लक्षित आरोग्यात, इस्पितळांच्या शिरस्त्यांत आणि आपल्या घरगुती रिवाजांत आहेत, आणि म्हणूनच ती दूर करणे आपल्या हातचे आहे, हे आज मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

प्रथम या जीवाची ओळख करून घेऊ. कॅन्डिडा या प्रजातीतील निरनिराळ्या जाती, आणि त्यांतही विशेषेकरून कॅन्डिडा आल्बिकन्स, या एकपेशीय बुरशी आहेत. पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या नात्यातल्या या जीवांचा निवास माणसाच्या तोंडात, आतड्यात, त्वचेच्या घड्यांत आणि स्त्रियांच्या योनिमार्गात असतो, आणि बहुसंख्य माणसे त्यांना आयुष्यभर अंगावर वागवूनही त्यांच्यामुळे कधी आजारी पडत नाहीत. बुरशीने केवळ वस्ती करणे आणि तिने रोग उत्पन्न करणे या दोन अवस्था भिन्न होत. पहिल्या अवस्थेत तोंड स्वच्छ दिसते आणि परीक्षणासाठी घेतलेल्या बोळ्यातच काय ती बुरशी आढळते; दुसऱ्या अवस्थेत ती गोल पेशींचे रूप टाकून लांब तंतूंचे रूप घेते, श्लेष्मल त्वचेत रुतते, आणि पांढरा थर पुसू गेल्यास खाली लाल, हुळहुळती जागा दिसते. दुधाचा साका ओल्या फडक्याने सहज निघतो, हा थर निघत नाही. ही खूण प्रत्येक आईला ठाऊक असावी. पहिल्या अवस्थेवाचून दुसरी येत नसल्यामुळे रोगाचा विचार करावयाचा तर वस्तीच्या कारणांचा विचार आधी केला पाहिजे.

हे ज्ञान आजकालचे नव्हे. जर्मनीत लँगेनबेक यांनी १८३९ साली एका विषमज्वराच्या रोग्याच्या मुखातील थरात बुरशी पाहिली, स्वीडनमध्ये बर्ग यांनी १८४६ साली अर्भकांच्या या व्याधीचा सविस्तर विचार प्रसिद्ध केला, आणि १८७५ साली हाउसमान यांनी प्रसूतिमार्गातील बुरशी आणि बाळाच्या तोंडातील बुरशी यांचे ऐक्य दाखवून दिले. म्हणजे आई आणि मूल यांचा विचार येथे वेगळा करता येत नाही, हे शास्त्राने सांगितल्यास दीडशे वर्षे होत आली. आपल्या दवाखान्यांत मात्र आईचा कागद एका खोलीत आणि बाळाचा दुसऱ्या खोलीत ठेवण्याचा प्रघात अजून मोडलेला नाही.

गर्भाशयात असताना मूल या जीवापासून बहुधा अलिप्त असते. प्रसूतीच्या वाटेने येताना त्याची या बुरशीशी पहिली गाठ पडते. गर्भारपणात स्त्रीच्या शरीरातील अंतःस्रावांत जे पालट होतात त्यांमुळे योनिमार्गाच्या पेशींत शर्करेचा साठा वाढतो आणि बुरशीला तेथे वाढण्यास अनुकूलता मिळते. त्यात मधुमेहाची किंवा गर्भारपणापुरत्या उद्भवणाऱ्या रक्तशर्करेच्या वाढीची भर पडली, अथवा दुसऱ्याच एखाद्या दुखण्यासाठी प्रतिजैविकांचा मारा झालेला असला, तर ती अनुकूलता आणखी वाढते. आपल्या देशातील आरोग्यखात्याने गर्भवतीच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तातील साखर पाहण्याची आणि ती १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आल्यास उपचार करण्याची तजवीज केलेली आहे. ही परीक्षा आई व गर्भ यांच्या इतर अनेक संकटांसाठी आवश्यक आहेच. परंतु बाळाच्या तोंडाशीही तिचा संबंध आहे, हे ती करणाऱ्या परिचारिकेला आणि करून घेणाऱ्या गर्भवतीला कोणीतरी सांगावयास हवे.

साखर मोजता येते. जे मोजले जात नाही ते आपल्या स्त्रियांचे मौन. अंगावरून पांढरे जाणे, खाज सुटणे, आग होणे या तक्रारी घरात सासूला सांगण्याची चोरी, नवऱ्याला सांगण्याची लाज, आणि दवाखान्यात सांगावे तर समोर पुरुष डॉक्टर व मागे रांगेत उभ्या राहिलेल्या वीस जणी. अशा कोंडीत या तक्रारी वर्षानुवर्षे अंगावर काढल्या जातात. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली जो निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला, त्याने या मौनाला जगापुढे वाचा फोडली. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. त्यानंतर तीन तपे उलटली, रस्ते आणि आरोग्यकेंद्रे झाली, बाळंतपणे घरातून इस्पितळात गेली. तरीही गर्भवतीचे वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन वहीत भरले जात असताना ‘अंगावरून जातं का, खाज येते का’ हा साधा प्रश्न हळू आवाजात, पडद्याआड आणि आपुलकीने विचारला जातोच असे छातीठोकपणे कोण सांगेल?

हा प्रश्न विचारला गेला तर उपाय दुर्घट नाही. गर्भारपणात तोंडावाटे घ्यावयाची बुरशीनाशके शक्यतो टाळून स्थानिक औषधाने बहुतेक स्त्रियांना आराम पडतो, आणि प्रसूतीपूर्वी ही बाधा हटविली तर बाळाकडे जाणारा बुरशीचा वाटाही कमी होतो. जर्मनीतील तज्ज्ञांनी तर गर्भारपणाच्या अखेरच्या काळात लक्षणे नसलेल्या, पण बुरशी आढळलेल्या स्त्रियांनाही असे स्थानिक औषध द्यावे, अशी शिफारस केलेली आहे. आपल्याकडे तितके दूर जाण्याची गरज नाही. निदान ज्यांना त्रास होत आहे त्यांना तरी विचारावे आणि बरे करावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी केंद्रांतून गर्भवतींची डॉक्टरांकडून तपासणी होते. त्या तपासणीत एकांताची एक खोली आणि हा एक प्रश्न, एवढ्या दोन गोष्टींची खातरजमा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने केली तरी पुष्कळ काम होईल. मात्र येथे एक इशारा दिला पाहिजे. बाळाला ही बुरशी प्रसूतिमार्गातून लागते, हे ऐकून कोणी शस्त्रक्रियेने प्रसूती करवून घेण्याचा विचार मनात आणू नये. कारण त्या मार्गाने जन्मलेल्या बाळांच्या तोंडातही ही बुरशी पुढे हाताळणाऱ्यांच्या हातांवरून आणि भोवतालच्या वस्तूंवरून पोहोचतेच, आणि मातेच्या पोटावर विनाकारण घेतलेला छेद हा बुरशीहून कितीतरी मोठा अपाय आहे.

आता बाळाच्या स्वतःच्या देहात असलेली कारणे पाहू. अकाली जन्म आणि अल्प वजन ही त्यांतील प्रमुख. शेवटच्या तिमाहीत आईच्या रक्तातून बाळाला मिळणारी संरक्षक द्रव्ये त्याच्या वाट्याला पुरती आलेली नसतात, त्याची त्वचा पातळ असते, लाळ थोडी असते, आणि बुरशीला गिळून टाकणाऱ्या रक्तपेशी आपले काम अद्याप शिकत असतात. या दोषाला बाळ जबाबदार नाही हे तर उघडच आहे. परंतु पुष्कळदा दैवही जबाबदार नसते. कोवळ्या वयातील लग्न, दोन बाळंतपणांमधील अपुरे अंतर, पंडुरोग, गर्भारपणातही ऊसतोडीच्या किंवा वीटभट्टीच्या कामावर राबणे, या आपल्या समाजातील नित्याच्या गोष्टी बाळाला अकाली आणि अशक्त जन्माला घालण्यास हातभार लावतात, हे नाकारता येणार नाही.

अशा अशक्त बाळाला आपण अतिदक्षता विभागात नेतो आणि तेथे त्याचा जीव वाचवितो. हे आधुनिक वैद्यकाचे फार मोठे उपकार आहेत, आणि त्या विभागांत अहोरात्र खपणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांविषयी कृतज्ञतेवाचून दुसरी भावना माझ्या मनात नाही. परंतु जीव वाचविणाऱ्या या उपायांतच बुरशीला वाव देणारी कारणेही वसत असतात. श्वासनलिकेत घातलेली नळी, शिरेत दीर्घकाळ ठेवलेली नळी, शिरेवाटे दिलेले स्निग्ध पोषण, जठरातील आम्ल कमी करणारी औषधे, स्टेरॉइड्स आणि लांबत जाणारा मुक्काम या प्रत्येकाचा बुरशीच्या वस्तीशी संबंध निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत दिसून आलेला आहे. यांपैकी काही टाळता येत नाहीत, पण प्रत्येकाची मुदत आखता येते. आणि मुदत आखण्याच्या या कामात सर्वाधिक हयगय होते ती प्रतिजैविकांच्या बाबतीत.

नवजाताच्या तोंडात आणि आतड्यात जन्मानंतर जी जंतूंची वसती होते तिच्यातील बरेचसे रहिवासी त्याचे हितकर्ते असतात. जागा व्यापून आणि आम्ले निर्माण करून ते बुरशीला मर्यादेत ठेवतात. विस्तृत पल्ल्याचे प्रतिजैविक दिले की, ज्या जंतूसाठी ते दिले तो मरतोच, पण हे हितकर्तेही मरतात; बुरशीवर मात्र त्या औषधाचा काडीमात्र परिणाम होत नाही आणि रिकामी पडलेली जागा ती व्यापून बसते. म्हणून तिसऱ्या पिढीच्या सेफालोस्पोरिनांसारखी औषधे आणि त्यांचे लांबत गेलेले दिवस ही अतिदक्षता विभागातील बुरशीची ठळक कारणे मानली जातात. नवजातास जंतुदोषाचा संशय आला तर औषध तत्काळ सुरू करणे हा डॉक्टरांचा धर्मच आहे, कारण तेथे तासाचा विलंब प्राणघातक ठरू शकतो. परंतु रक्तपरीक्षेत ४८ तासांपर्यंत जंतू वाढला नाही आणि बाळही सुधारत आहे, असे दिसल्यावर औषध थांबविणे हाही त्याच धर्माचा उत्तरार्ध आहे. ‘असू द्या, सुरूच आहे तर पुरे करू सात दिवस’ हे वाक्य सावधगिरीचे वाटते, पण त्याची किंमत बाळाला द्यावी लागते. २०१४ च्या मार्चपासून सरकारने तिसऱ्या आणि चौथ्या पिढीची सेफालोस्पोरिने ‘एच-१’ अनुसूचीत घालून औषधविक्रेत्याने त्यांची नोंद ठेवावी, असा नियम केला. दुकानावर असा पहारा बसविणारे सरकार इस्पितळाच्या आत किती बाळांना, किती दिवस आणि कोणत्या कारणास्तव ही औषधे दिली जातात याचा हिशेब मागत नसेल, तर तो पहारा अर्धवटच म्हटला पाहिजे.

औषधांच्या खालोखाल विचार करावयाचा तो हातांचा. एका बाळाचे दुपटे सारखे करून दुसऱ्या बाळाच्या नळीला लावलेला हात बुरशीला एका पाळण्यातून दुसऱ्या पाळण्यात नेतो. कॅन्डिडाच्या काही जाती तर प्रामुख्याने हातांच्या त्वचेवरच राहतात. या सत्याचा कडू अनुभव आपल्याच देशातील एका अग्रगण्य संस्थेने घेतला आणि तो लपवून न ठेवता जगापुढे मांडला, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. चंडीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेच्या बालविभागात १९९६ ते १९९८ या काळात पिचिया अनोमाला नावाच्या एका विरळ यीस्टची साथ पसरली आणि २३ महिन्यांत ३७९ नवजात व बालके तिने ग्रासली. ती साथ आवरण्यासाठी संस्थेने कर्मचाऱ्यांना हात धुण्याची शिकवण देण्याची मोहीम हाती घेतली आणि अकाली जन्मलेल्या व धोक्यातील बाळांना निस्टॅटिन हे प्रतिबंधक औषध दिले. या दोन उपायांनी ती आटोक्यात आली. एवढ्या मोठ्या संस्थेतील संकट निवारण्यास साबण, पाणी आणि शिस्त यांचाही आधार घ्यावा लागला, याचा अर्थ लहान इस्पितळांनी नीट ध्यानी घेतला पाहिजे.

परंतु शिस्तीचा उपदेश करताना न्याय विसरता कामा नये. एका परिचारिकेकडे दोन-तीन बाळे असतील तर प्रत्येक वेळी हात धुणे शक्य आहे. तिच्याकडे दहा बाळे सोपविली, एका उबवणीच्या पाळण्यात दोन-दोन निजविली, बेसिन विभागाच्या दुसऱ्या टोकाला ठेवले आणि उन्हाळ्यात त्याचे पाणी दुपारीच गेले, तर हात न धुतल्याचा दोष तिच्या माथी मारणे म्हणजे वरच्यांची कसूर खालच्यांच्या अंगावर ढकलणे होय. जिल्हा रुग्णालयांतून विशेष नवजात काळजी कक्ष उघडले गेले, हे उत्तमच झाले. आता त्यांतील मंजूर जागा भरलेल्या असणे, रात्रपाळीस पुरेशा परिचारिका असणे आणि नळाला पाणी असणे, हे बुरशीविरुद्धचे उपाय आहेत, असे समजून अंदाजपत्रकात त्यांची तरतूद झाली पाहिजे.

आता आपण घरात येऊ, कारण निरोगी बाळाच्या बाबतीत सर्वात मोठा प्रश्न तेथेच आहे, आणि तो दुधाचा आहे. आईच्या पहिल्या घट्ट, पिवळसर चिकात व नंतरच्या दुधात बुरशीला आवर घालणारी द्रव्ये असतात. त्यांतील लॅक्टोफेरिन हे बुरशीला लागणारे लोह हिरावून घेते. बाटलीतील दुधात हे संरक्षण नाही, आणि बाटलीच्या रबरी किंवा सिलिकॉनच्या बोंडावर तर यीस्टचा पातळ, चिवट थर बसून राहतो. नुसते पाण्याने विसळून तो जात नाही. चोखणीची गत तीच. ती जमिनीवर पडते, पदराला पुसली जाते, कोणी आपल्या तोंडात घालून ‘स्वच्छ’ करते आणि बाळाच्या तोंडात देते. बाटली आणि चोखणी वापरणाऱ्या बाळांच्या तोंडात यीस्ट अधिक प्रमाणात आढळते, असे अनेक पाहण्यांतून दिसले आहे. आपल्या जुन्या घरांतले बोंडले या दृष्टीने शतपट बरे होते, कारण ते धातूचे, उघडे आणि उकळत्या पाण्यात पूर्ण बुडविता येण्याजोगे असे. आईचे दूध काढून पाजण्याची वेळ आलीच तर वाटी-चमचा किंवा बोंडले हेच वापरावे, असे बालरोगतज्ज्ञही सांगतात. पण जुने ते सर्वच सोने नाही. बाळाच्या टाळूला मध लावणे, घुटी उगाळून बोटाने चाटविणे आणि तोंड आले म्हणून खरखरीत फडक्याने जीभ घासणे, हे रिवाज आता थांबले पाहिजेत. बोटाने बुरशी जाते, घासल्याने त्वचा सोलवटते, आणि मधातून तर वर्षाच्या आतील बाळाला घातक विषबाधेचे बीज मिळू शकते.

येथे एक आकडा सर्वांनी ध्यानी धरावा. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्या-इस्पितळांत झाली. पण जन्मापासून तासाभरात आईच्या अंगावर घेतलेली मुले केवळ ४१.८ टक्के होती. म्हणजे घरातल्या अज्ञानावर खापर फोडण्याची सोयही आता राहिली नाही; डॉक्टर, परिचारिका आणि छापील नियम हजर असताना पहिला तास निम्म्याहून अधिक मुलांच्या हातून निसटतो. दुधाचे कृत्रिम पर्याय आणि बाटल्या यांच्या जाहिरातीस बंदी करणारा कायदा १९९२ साली झाला व २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला; तरी बाळंतिणीच्या उशाशी पावडरीचा डबा कोणाच्या चिठ्ठीने येतो, हे विचारण्याची पद्धत पडली नाही. ज्या मातांना खरोखरच दूध येत नाही, किंवा ज्यांची बाळे कक्षात दूर ठेवलेली आहेत, त्यांच्यासाठी मार्ग मुंबईनेच दाखविला आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली. एवढा वडिलार्जित वारसा पाठीशी असलेल्या महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी अशी पेढी नसावी, याला पैशाच्या टंचाईपेक्षा इच्छेची टंचाईच अधिक कारणीभूत आहे, असे मला वाटते.

दुधाच्या संदर्भातच आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाळाच्या तोंडात बुरशी झाली आणि आईच्या स्तनाग्रांना भेगा, जळजळ किंवा पिताना व पिऊन झाल्यावर टिकणारी वेदना सुरू झाली, म्हणजे दोघांचे इलाज एकाच वेळी करावे लागतात. एकाला औषध दिले आणि दुसऱ्याला विसरले तर बुरशी त्या दोघांत येरझारा घालीत राहते. अशा वेळी ‘दूधच बंद करा’ हा सल्ला मिळाला तर तो नम्रपणे, पण ठामपणे नाकारावा आणि बालरोगतज्ज्ञाकडे जावे. अंगावर पाजणे बंद करण्याची आवश्यकता सहसा पडत नाही.

औषधे आहेत, आणि ती मिळविण्यासाठी झालेल्या परिश्रमांचा इतिहास उज्ज्वल आहे. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्यात काम करणाऱ्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन विदुषींनी मातीतील एका सूक्ष्म जीवापासून १९५० साली निस्टॅटिन शोधले आणि त्यापासून मिळालेले स्वामित्वधन संशोधनाला वाहिले. पुढे दहा-एक वर्षांत आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसीन हे बुरशीनाशक निर्माण केले. आज ही आणि यांच्यासारखी औषधे बाळाच्या मुखातील साधी बाधा थोड्याच दिवसांत दूर करू शकतात, आणि हजार ग्रॅमच्या आतील बाळांना बुरशीचे प्रमाण मोठे असलेल्या कक्षांत फ्लुकोनाझोल प्रतिबंधक म्हणून देण्याची पद्धतही रुजली आहे. परंतु औषध हाती आहे म्हणून कारणांकडे पाठ फिरविणे फार दिवस परवडणार नाही. २००९ साली जपानमधील एका रुग्णाच्या कानात प्रथम ओळखू आलेली कॅन्डिडा ऑरिस ही जात थोड्याच वर्षांत भारतासह जगभरच्या इस्पितळांत पसरली, आणि ती नेहमीच्या बुरशीनाशकांपैकी कित्येकांना जुमानीत नाही. बुरशीने औषधांना तोंड देणे शिकून घेतले तर तिला दूर ठेवण्याचे जुने उपायच आपल्याजवळ उरतील.

काही वैद्य यावर म्हणतील की, ही बुरशी सर्वांच्याच अंगी असते, तिच्याशी युद्ध मांडून आयांच्या मनात नसती धास्ती का निर्माण करावी? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यातील अर्धा भाग मला मान्यही आहे. प्रत्येक बाळाच्या तोंडाचा बोळा घेऊन प्रयोगशाळेत धाडावा किंवा थर नसतानाही निरोगी बाळाच्या जिभेवर औषध फासावे, असे मी मुळीच म्हणत नाही. तसे करणे म्हणजे प्रतिजैविकांच्या अतिरेकावर बुरशीनाशकांच्या अतिरेकाची भर घालणे होईल. परंतु वस्ती वाढविणारी जी कारणे वर सांगितली, त्यांपैकी आईची न विचारलेली तक्रार, न मोजलेली साखर, न थांबविलेले औषध, न धुतलेला हात आणि न मिळालेले दूध यांतील एकही कारण असे नाही, की जे दूर केल्याने बाळाचे इतर दहा प्रकारे कल्याण होणार नाही. जो उपाय बुरशीला अटकाव करतो तोच आईचे आरोग्य राखतो, तोच इस्पितळातील इतर जंतुदोष टाळतो आणि तोच बाळाचे पोषण करतो. मग धास्तीचे कारण काय, आणि विलंबाचे तरी कारण काय?

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो. गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीत श्वेतस्रावाची विचारपूस एकांतात व्हावी आणि उपचार त्याच ठिकाणी मिळावा. इस्पितळात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. अशा घरपोच नवजात सेवेचा पाया गडचिरोलीतच घातला गेला, तेव्हा महाराष्ट्राने पुढाकार घेऊन त्या प्रत्येक भेटीत बाळाचे तोंड उजेडात पाहणे, आईला स्तनांच्या वेदनेविषयी विचारणे आणि घरात बाटली-चोखणी आली आहे का हे पाहणे, यांची सक्ती करावी. प्रत्येक नवजात कक्षाने, मग तो सरकारी असो की खासगी, दर तीन महिन्यांनी चार गोष्टी दर्शनी फलकावर लिहाव्यात: किती बाळांना प्रतिजैविके दिली आणि सरासरी किती दिवस, किती बाळांना पहिल्या तासात आईचे दूध मिळाले, किती बाळांमागे एक परिचारिका आहे, आणि किती बाळांना बुरशीची बाधा झाली. असा फलक लावण्यास नवा कायदा लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही. बाळाला आपली बाजू मांडता येत नाही, हात धुतलेस का असे परिचारिकेला विचारता येत नाही, आणि हे औषध आणखी किती दिवस असे डॉक्टरांनाही विचारता येत नाही. तेव्हा हे प्रश्न त्याच्या वतीने आईबापांनी निर्भयपणे विचारावेत, आणि इस्पितळांनी त्यांना उत्तर देणे हे उपकार न समजता कर्तव्य समजावे.